दोन सव्वीस नोव्हेंबर

वर्ध्याजवळच्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, बसून गांधीजींनी ज्यूंविषयी लिहिलेला लेख ‘हरिजन’मध्ये छापून आला तो 26 नोव्हेंबर 1938 रोजी. जर्मनीत ज्यूंची प्रार्थनास्थळं आणि दुकानं जाळली गेली, त्याला तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता. त्यानंतर बरोबर सत्तर वर्षांनी, 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री, कुलाब्याच्या नरिमन हाऊसमध्ये अतिरेकी शिरले. तिथे ज्यू राहतात म्हणूनच ते शिरले. तारखा जुळल्या हा योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण या दोन तारखांच्या मधल्या काळाचा हिशेब आपण मराठी माणसांनी कधी नीट मांडलेला नाही.

आपण एक वाक्य अभिमानाने सांगतो: भारतात ज्यूंचा छळ कधी झाला नाही. ते बहुतांशी खरंच आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आलेल्यांचे वंशज, अशी बेने इस्रायल लोक आपली कथा सांगतात. कोकणात ते तेल गाळू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवू लागले, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं आणि तिथेच विषय संपवला. ते पेणकर झाले, रोहेकर, दिवेकर, किहिमकर झाले. मराठीत कीर्तनं करू लागले. सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत सिनेगॉग बांधलं, पनवेलचं बेथ एल 1849 चं. कुणी दगड मारला नाही. हा शेजारधर्म मोठाच आहे. मात्र शेजारधर्म सांभाळणं वेगळं आणि जग पेटलेलं असताना भूमिका घेणं वेगळं. दुसऱ्या कसोटीला आपण प्रत्येक वेळी उतरलो असं नाही.

1938 चंच घ्या. त्या ऑक्टोबरात मालेगावच्या भाषणात सावरकरांनी जर्मनीतल्या ज्यूंचा दाखला दिला: राष्ट्र बहुसंख्याकांचं असतं, ज्यू अल्पसंख्य होते, म्हणून त्यांना हाकलून देण्यात आलं. पुढे इस्रायल स्थापन झालं तेव्हा याच सावरकरांनी त्याचं स्वागत केलं, हेही नोंदवायला हवं. पण माणसं घरादारातून उठवली जात होती तेव्हाचे शब्द नंतरच्या स्वागताने पुसले जात नाहीत. काँग्रेसमध्येही एकमत नव्हतं. ज्यू निर्वासितांना भारताने आसरा द्यावा, असा ठराव नेहरूंनी पुढे आणला. सुभाषबाबूंना तो पटला नव्हता, आणि मार्च 1939 च्या पत्रात त्यांनी ते नेहरूंना सरळ लिहिलं. गांधीजींनी छळाचा निषेध स्वच्छ शब्दांत केला. मात्र जर्मन ज्यूंना त्यांनी सत्याग्रहाचा जो सल्ला दिला, तो आज वाचताना अंगावर येतो. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बुबर यांनी फेब्रुवारी 1939 मध्ये जेरुसलेमहून त्यांना उत्तर लिहिलं. हिटलरच्या राज्यात सत्याग्रहीचं बलिदान पाहायलाच कुणी उरत नाही, हा त्यातला मुद्दा माझ्या मते बिनतोड आहे. गांधीजींवर श्रद्धा असणाऱ्याने हे कबूल करायला कचरू नये.

मग कसोटीला उतरलं कोण? ज्यांच्या हाती थोडंफार होतं, ती माणसं. डॉ. अब्राहम एरुलकर हे मुंबईतले नामांकित बेने इस्रायल डॉक्टर, गांधीजींवर उपचार केलेले. जर्मनीतून पळून आलेल्या ज्यू डॉक्टरांना इथे व्यवसाय करता यावा म्हणून त्यांनी आपलं सगळं वजन वापरलं. पदवी इथली नाही, नोंदणी नाही, हातात पैसा नाही, अशा डॉक्टरसाठी त्या एका नोंदणीवर घर चालणं न चालणं ठरत होतं. 1934 मध्ये मुंबईला आलेल्या वॉल्टर कॉफमन या ज्यू संगीतकाराला आकाशवाणीत काम मिळालं. तंबोऱ्यावर व्हायोलिन उमटणारी ती पहाटेची ओळखधून त्यांची. आपल्या कितीतरी घरांची सकाळ तिने उजाडली, आणि ती हिटलरपासून वाचलेल्या एका माणसाने रचलेली आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. याच काळात इंग्रज सरकारने ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ म्हणून काही ज्यू निर्वासितांना पुरंदर आणि साताऱ्याला स्थानबद्ध करून ठेवलं. ज्या राजवटीने त्यांचा जीव घ्यायचं ठरवलं, तिचेच नागरिक म्हणून त्यांना डांबलं!

नंतरची तीनचार दशकं मी भरभर ओलांडतो. बहुतेक बेने इस्रायल इस्रायलला गेले. तिथल्या मुख्य रब्बींनी त्यांच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली, तेव्हा कोकणातून गेलेल्या या माणसांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेकडून आपलं ज्यूपण मान्य करून घेतलं. आपल्याच धर्मपीठासमोर ताठ उभं राहण्याचं हे उदाहरण मराठी शाळांत शिकवायला हवं होतं.

इकडे मात्र एक गोष्ट मुकाट्याने वाढत गेली. हिटलरचं कौतुक. मी जयपूरजवळ झोटवाड्यात राहतो. इथल्या रस्त्याकडेच्या पुस्तकवाल्याकडे त्याचं आत्मचरित्र हिंदीत, यशस्वी कसं व्हावं हे शिकवणाऱ्या पुस्तकांच्या ओळीत मांडलेलं असतं. पुण्या-मुंबईच्या पदपथावर मराठी भाषांतर तसंच. गणपतीत जमणाऱ्या आमच्या मराठी मंडळींतला एक शिकलेला, सुस्वभावी मुलगा मला म्हणाला, ‘काका, काही म्हणा, शिस्त लावली त्याने.’ साठ लाख ज्यू मारले गेले, हे त्याला माहीत होतं. ते त्याला कुठे टोचत नव्हतं. मी पुस्तक बंद पाडा म्हणणार नाही, पण त्या मुलाशी मी तासभर बोललो आणि पुन्हाही बोलेन.

हे कौतुक कुठवर जातं ते ऑगस्ट 2006 मध्ये खारघरला दिसलं. ‘हिटलर्स क्रॉस’ नावाचं हॉटेल उघडलं, भिंतीवर हिटलरचं मोठं चित्र, नाझींचं चिन्ह. खारघर पनवेल तालुक्यात येतं. दीडशे वर्षं जुनं बेथ एल सिनेगॉग थोड्याच अंतरावर. मुंबईच्या ज्यू समाजाने तोडफोड केली नाही. ठामपणे जाऊन हे आम्हाला का दुखवतं ते सांगितलं. मालकाने नाव बदललं. संख्येने चिमुकल्या समाजाने हे केलं. शेजारधर्म मिरवणाऱ्या आपल्या मोठ्या समाजातून पहिला आवाज उठला असता तर मला जास्त आनंद झाला असता.

त्यानंतर दोनच वर्षांनी नरिमन हाऊस. रब्बी गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग यांच्यासह सहा ज्यू मारले गेले. पाकिस्तानातून फोनवर बोलणारे सूत्रधार ज्यूंच्या जिवाची किंमत इतरांपेक्षा कितीतरी जास्त लावत होते, हे त्या संभाषणांतून जगाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी होल्ट्झबर्ग यांचा दोन वर्षांचा मुलगा मोशे आई-वडिलांच्या निश्चल देहांपाशी रडत होता. त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल खालच्या मजल्यावर लपल्या होत्या. त्या वर गेल्या, पोराला उचललं आणि बाहेर पळाल्या. त्या ज्यू नव्हत्या. जिन्यावर समोर बंदूक येईल की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्याच सुमारास मुंबईतल्या मुस्लिम जमातीने मारल्या गेलेल्या नऊ अतिरेक्यांना मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानात जागा द्यायला नकार दिला. त्या दिवसांत शहर संतापलेलं होतं आणि मुसलमानांकडे संशयाने पाहिलं जात होतं. तरी मृताला माती देण्याच्या कर्तव्याहूनही निरपराधांच्या हत्येचा धिक्कार त्यांनी वर ठेवला. या हल्ल्यासाठी मुंबईची टेहळणी केलेल्या डेव्हिड हेडलीने पुढे 2009 मध्ये आमच्या राजस्थानात पुष्करचं ज्यू केंद्रही पाहून ठेवल्याचं उघड झालं. झोटवाड्यापासून ते दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे.

महाराष्ट्राने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं केलं. पण ऑक्टोबर 2023 नंतर मला जुनाच पेच नव्या रूपात दिसतो. हमासने त्या ऑक्टोबरात केलेल्या कत्तलीला ‘प्रतिकार’ म्हणणारे माझ्या ओळखीत आहेत. गाझात मेलेल्या हजारो मुलांचं नाव काढलं की चिडणारेही आहेत, आणि त्यांच्यातले काही एका संदेशात इस्रायलचा झेंडा नि दुसऱ्या संदेशात हिटलरच्या शिस्तीचं गुणगान पाठवतात. यांचं इस्रायलप्रेम ज्यूंवरचं प्रेम नाही. त्यांना फक्त कुणाला तरी धडा शिकवणारा हवा आहे. पहिल्यांना मी सांगतो की गाझाचा जाब पनवेलच्या पेणकरांना विचारायचा नसतो. दुसऱ्यांना सांगतो की ज्यूंच्या दुःखाची शपथ घेऊन दुसऱ्याच्या लेकराचं मरण किरकोळ ठरवता येत नाही. दोन्हीकडून बोलणी खावी लागतात. आमच्या मराठी गटातून दोघंजण याच कारणाने बाहेर पडले. येत्या गणपतीत मी दोघांच्याही घरी जाणार आहे, आणि विषय निघाला तर हेच म्हणणार आहे.