आजच्यापुरती भाकरी

शेजारच्या ताई विचारतात, "तुमच्यात प्रार्थनेला कुठलं स्तोत्र लागतं हो?" काहीच लागत नाही! मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूनं सांगितलंय, उगाच शब्द वाढवू नका, तुमची गरज पित्याला आधीच ठाऊक आहे. आणि मग शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरी मागायची, तीही आजच्यापुरतीच. वर्षाचे गहू भरून ठेवणाऱ्या आम्हा बायकांना हे किती जड जातं!

पंडिता रमाबाई केवढ्या संस्कृतज्ञ! पण साध्या बाईला कळावं म्हणून त्या हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत बायबल उतरवलं. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हेच काम चाललं होतं. छापखान्यात खिळे जुळवले तेही केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांनी.

माझ्या सासूबाईंचं डायलिसिस सुरू होतं तेव्हा भेटायला येणारे लांबलचक प्रार्थना करत. मला ते मनापासून पटत नसे. मी भांडी घासता घासता म्हणायची, "बापा, आजचा दिवस निभू दे." कधी तेवढंही सुचायचं नाही, नुसतं रडू यायचं.

त्या बऱ्या झाल्या नाहीत. मग प्रार्थनेचा उपयोग काय, असं एकीनं तोंडावर विचारलं. अहो, देव म्हणजे काय वाण्याचं दुकान आहे, यादी दिली की माल यावा? ते दोन वर्षांचे दिवस मी एकेक करून काढले ते त्याच्याच भरवशावर.

शेवटच्या आठवड्यात सासूबाईंनी गीतांचं पुस्तक बाजूला ठेवायला सांगितलं. माझा हात धरून "बापा, थकले रे," एवढंच म्हणाल्या. मी आमेन म्हटलं.