दुःखाला ठेका देणारा अल्बम : लिके ली यांचा 'वूंडेड ऱ्हाइम्स'

स्वीडनच्या गायिका आणि गीतकार लिके ली यांचा 'वूंडेड ऱ्हाइम्स' हा दुसरा अल्बम २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा गाण्यांचा आणि सुमारे चाळीस मिनिटांचा हा संग्रह प्रेमभंग, एकटेपणा आणि उत्तर न मिळालेल्या ओढीविषयी आहे. पुढच्याच वर्षी त्यातील एका गाण्यावर युरोपातील नृत्यगृहे थिरकू लागली. विषण्ण गाण्याचे नृत्यगीत झाले, तर त्यातील दुःख उरते का, असा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. त्याचे उत्तर या अल्बमच्या घडणीतच शोधावे लागते.

भटके बालपण

लिके ली यांचा जन्म १९८६ मध्ये दक्षिण स्वीडनमधील इस्टाड या गावी झाला. त्यांचे वडील संगीतकार, तर आई छायाचित्रकार. बालपणाची काही वर्षे त्यांनी पोर्तुगालमधील डोंगराळ भागात काढली. हिवाळ्यात हे कुटुंब नेपाळ आणि भारतातही वास्तव्यास येत असे. स्थिर घर नसल्याची ही जाणीव त्यांच्या गाण्यांतून पुढेही डोकावत राहिली.

'यूथ नॉव्हेल्स' हा त्यांचा पहिला अल्बम २००८ मध्ये आला. त्यातील आवाज बारीक आणि काहीसा बालिश होता, वाद्येही मोजकीच होती. त्यानंतर गावोगावच्या कार्यक्रमांचा दीर्घ प्रवास घडला, एक नातेही तुटले. या काळात लिके ली अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे जाऊन राहिल्या आणि नव्या अल्बमची बरीचशी गाणी तेथे आकारास आली. निर्मितीची बाजू पहिल्या अल्बमप्रमाणेच ब्यॉर्न इटलिंग यांनी सांभाळली. ते 'पीटर ब्यॉर्न अँड जॉन' या स्वीडिश वाद्यवृंदाचे सदस्य आहेत.

इंडी पॉप म्हणजे काय?

बड्या कंपन्यांच्या छत्राबाहेर, लहान व स्वतंत्र संस्थांमार्फत निघणाऱ्या संगीताला प्रारंभी 'इंडी' म्हटले जाई. पुढे हा शब्द व्यवहारापेक्षा शैलीचा निदर्शक बनला. सोपी, लक्षात राहणारी चाल, पण सफाईदारपणाचा हट्ट नाही आणि शब्दांना खासगी टिपणाचा सूर, अशी या शैलीची ढोबळ ओळख सांगता येईल. 'वूंडेड ऱ्हाइम्स' हे या संक्रमणाचे उदाहरण आहे. तो लिके ली यांच्या स्वतःच्या 'एलएल रेकॉर्डिंग्ज' या नाममुद्रेखाली आला, मात्र 'अटलांटिक' ही मोठी कंपनीही त्यामागे होती.

प्रतिध्वनीची भिंत

या अल्बमचा ध्वनी १९६० च्या दशकातील अमेरिकी तरुणींच्या गायनसमूहांची आठवण करून देतो. त्या काळी निर्माते फिल स्पेक्टर लॉस एंजेलिसच्या एका लहान ध्वनिमुद्रणगृहात अनेक वादकांना एकत्र बसवीत. एकच स्वरावली अनेक वाद्यांवर वाजे आणि तो सारा नाद प्रतिध्वनीच्या खोलीतून फिरवून मुद्रित होई. वेगवेगळी वाद्ये ओळखू येऊ नयेत, एक सलग भिंत उभी राहावी, हा त्यामागचा हेतू होता.

लिके ली आणि इटलिंग यांनी हे तंत्र आपल्या पद्धतीने वापरले. ड्रमचा जड ठेका, गूढ वाटणारा ऑर्गन, मागे गुंजणारा स्त्रियांचा कोरस आणि या सर्वांच्या पलीकडून, जणू रिकाम्या सभागृहातून येणारा गायिकेचा आवाज, अशी ही रचना आहे. 'यूथ नोज नो पेन' या पहिल्याच गाण्यात ती पूर्ण शक्तीने समोर येते. याउलट 'अनरिक्वायटेड लव्ह' या गाण्यात गिटार आणि मागच्या कोरसखेरीज फारसे काही नाही. 'आय नो प्लेसेस' या गाण्यात शब्द संपल्यानंतरही वाद्यसंगीत बराच वेळ चालू राहते.

स्त्रीचे दुःख आणि त्याचा अर्थ

अल्बममधील 'गेट सम' या गाण्यात एक धीट उपमा होती. माध्यमांनी तिची चर्चा प्रामुख्याने लैंगिक अर्थाने केली. आपला रोख सत्तेकडे आहे, असे लिके ली यांना त्यावर स्पष्ट करावे लागले. तरुण गायिकेने मन उघडे केले की तिच्या शब्दांपेक्षा तिच्या देहाकडे पाहिले जाते, हे या प्रसंगातून दिसून आले.

'सॅडनेस इज अ ब्लेसिंग' हे गाणे दुःखाला थेट वरदान ठरवते. तारिक सालेह दिग्दर्शित त्याच्या चित्रफितीत एका प्रतिष्ठित उपाहारगृहात लिके ली उठून एकट्याच नाचू लागतात आणि इतर पाहुणे अवघडून पाहत राहतात. समोर ज्येष्ठ स्वीडिश अभिनेते स्टेलान स्कार्सगार्ड आहेत. दुःख चारचौघांत लपवण्यास नकार देणे, हाच या गाण्याचा आणि एकूण अल्बमचा गाभा आहे.

नृत्यगृहातील नदी

'आय फॉलो रिव्हर्स' हे गाणे मुळात अंधारे आणि झपाटलेले आहे. बेल्जियमच्या 'द मॅजिशियन' या डीजेने त्याचे पुनर्मिश्रण केले. जड ठेक्याच्या जागी उजळ पियानो आणि नृत्यगृहाला साजेसा एकसारखा ताल आला. या आवृत्तीमुळे २०१२ मध्ये हे गाणे जर्मनीत प्रथम क्रमांकावर पोहोचले. बेल्जियमच्याच 'ट्रिगरफिंगर' या रॉक वाद्यवृंदाने त्याच वर्षी नभोवाणीसाठी सादर केलेले त्याचे साधे, संथ रूप नेदरलँड्समध्ये अग्रस्थानी गेले. २०१३ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवणाऱ्या 'ब्लू इज द वॉर्मेस्ट कलर' या फ्रेंच चित्रपटातही नायिका याच गाण्यावर नाचते.

याला मूळ भावनेचा विपर्यास म्हणता येईल का? स्वीडिश पॉपची परंपरा पाहता, तसे वाटत नाही. स्वीडिश भाषेत 'वेमूद' असा एक शब्द आहे. हुरहूर आणि सौम्य खिन्नता यांचे मिश्रण त्यातून सूचित होते. 'आबा' वाद्यवृंदाचे १९८० मधील 'द विनर टेक्स इट ऑल' किंवा गायिका रॉबिन यांचे २०१० मधील 'डान्सिंग ऑन माय ओन' ही गाणी वियोगाचीच आहेत, तरीही ती जगभर सोहळ्यांत वाजतात. तेथे नृत्य दुःखाला पुसून टाकत नाही, ते सोसण्यासाठी सोबत देते.

'वूंडेड ऱ्हाइम्स'ला स्वीडनच्या ग्रामिस पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला. २०१४ मध्ये आलेल्या 'आय नेव्हर लर्न' या अल्बमनंतर आपले पहिले तिन्ही संग्रह म्हणजे विशीतील स्त्रीची त्रिधारा असल्याचे लिके ली यांनी सांगितले. त्या त्रिधारेतील मधला टप्पा समजून घ्यायचा असेल, तर 'आय फॉलो रिव्हर्स'चे मूळ रूप आणि नृत्यगृहातील आवृत्ती एकापाठोपाठ ऐकाव्यात. शब्द तेच आहेत. पहिल्यात ते एकट्याने सोसायचे आहेत, दुसऱ्यात गर्दीसोबत.