भुंगा उडतो, मग गणित कुठे चुकले?

विज्ञानाच्या नियमांप्रमाणे भुंग्याला उडता यायला नको. पण त्याला हे नियम माहीत नाहीत, म्हणून तो उडतो! हे वाक्य आपण भाषणांत ऐकतो, शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणूनही वाचतो. ऐकायला ते गोड वाटते. पण विद्यार्थ्याच्या मनात त्यातून काय रुजते? निसर्ग एक सांगतो, विज्ञान दुसरेच सांगते आणि त्याचे कुणालाच काही वाटत नाही! म्हणून हे वाक्य वर्गात तसेच सोडून न देता त्याची उलटतपासणी करू या.

आंत्वान मान्यां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १९३४ साली कीटकांच्या उड्डाणावर एक पुस्तक लिहिले. विमानविद्येतले हवेचे नियम कीटकांना लावून पाहिले, तर त्यांचे उड्डाण अशक्य ठरते, असे त्याने आपले सहकारी आंद्रे साँत-लाग्यू यांच्या गणिताच्या आधारे त्यात नोंदवले. पुढे सांगोवांगी ही गोष्ट 'बंबलबी' या केसाळ माशीला चिकटली. ही माशी भारतात मुख्यतः हिमालयात आढळते. आपल्याकडे वासे आणि बांबू पोखरणारा काळा भुंगा वेगळा. पण मराठीत येताना गोष्ट त्याच्या नावावर जमा झाली.

आता त्या गणितात काय गृहीत धरले होते ते पाहा. विमानाचा पंख स्थिर असतो आणि त्यावरून हवा एकसारखी वाहते. कीटकाचा पंख मात्र पुढे जातो, थांबतो, उलटा वळतो, मागे येतो आणि पुन्हा वळतो. मधमाशीचा पंख हे सारे सेकंदाला सुमारे २३० वेळा करतो. आपल्याला ऐकू येते ती गुणगुण हीच. शाळेत पेटी असेल तर २६२ कंपनांची पांढरी एक वाजवा. तिच्या डावीकडची पहिली काळी पट्टी, म्हणजे काळी पाच, साधारण २३३ कंपनांची असते. मधमाशीचा सूर जवळपास तोच!

इतक्या वेगाने पंख हलवतो कोण? चतुराचे स्नायू थेट पंखांच्या मुळाशी जोडलेले असतात. माशी, डास, मधमाशी यांचे मुख्य उड्डाणस्नायू मात्र पंखांना जोडलेलेच नसतात. ते छातीच्या कवचाला जोडलेले असतात. उभे स्नायू आखडले की छातीची पाठ खाली दबते आणि पंख वर जातात. आडवे स्नायू आखडले की पाठ कमानीसारखी फुगते आणि पंख खाली येतात.

हे वर्गात दाखवता येते. खडूचा रिकामा, उघडा खोका घ्या. त्याच्या तोंडापेक्षा थोडा लहान पुठ्ठा कापा. दोन फूटपट्ट्या खोक्याच्या समोरासमोरच्या कडांवर टेकवून त्यांची आतली टोके पुठ्ठ्याला चिकटपट्टीने सैलसर जोडा. पुठ्ठा खाली दाबा. पट्ट्यांची बाहेरची टोके वर उचलली जातील. खोक्याची कड म्हणजे टेकू, पट्टी म्हणजे तरफ.

आणखी एक गंमत आहे. दर फडफडीला मज्जातंतूकडून वेगळा संदेश येत नाही. १९४९ साली प्रिंगल यांनी माशीवर प्रयोग करून दाखवले, की संदेश थोडे आणि फडफडी कितीतरी जास्त असतात. एक स्नायू आखडताना दुसऱ्याला ताण देतो. ताण बसला की क्षणभराने दुसरा आखडतो आणि पहिल्याला ताणतो. मज्जातंतूचे संदेश हे चक्र फक्त चालू ठेवतात.

आता मुख्य प्रश्न: वजन पेलणारे बल येते कुठून? विमानाचा पंख फार तिरका झाला की त्यावरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि उचल ढासळते. कीटक मात्र पंख चांगलाच तिरका धरतो. अशा वेळी पंखाच्या पुढच्या कडेपाशी हवेचा भोवरा तयार होतो. भोवऱ्यात हवेचा दाब कमी असतो, म्हणून पंखाला जास्त उचल मिळते. एलिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली धुराच्या साहाय्याने हा भोवरा पतंगावर आणि त्याच्या यांत्रिक प्रतिकृतीवर दाखवला. परातीत पाणी घेऊन त्यावर थोडी हळद भुरभुरवा आणि पुठ्ठ्याची पट्टी उभी बुडवून, तिरकी धरून झटक्याने सरकवा. कडांपाशी भोवरे दिसतील.

पण फळमाशीचा पंख अवघा अडीच मिलिमीटरचा. त्यावरचे बल मोजायचे कसे? डिकिन्सन आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी शंभरपट मोठा, २५ सेंटिमीटरचा पंख बनवला आणि खनिज तेलाच्या टाकीत अगदी सावकाश हलवला. आकार मोठा, द्रव दाट, वेग कमी. या तिन्हींचा मेळ असा साधला की पंखाभोवतीचा प्रवाह खऱ्या माशीसारखाच राहिला. १९९९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: भोवऱ्याखेरीज, दिशा बदलताना पंख गर्रकन वळतो तेव्हाही बल मिळते, आणि आधीच्या फटक्याने ढवळलेल्या हवेतून परतताना माशी त्या हवेतली थोडी ऊर्जा वसूल करते.

२००५ साली मधमाशीचीही पाळी आली. तिचा पंख जेमतेम काटकोनाएवढ्या कमानीत फिरतो, पण फार वेगाने. हेलियम मिसळलेल्या विरळ हवेत सोडल्यावर तिने वेग जवळपास तोच ठेवला आणि कमान मात्र रुंदावली. ओझे पेलायला तिच्यापाशी ही शिल्लक असते.

म्हणजे बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. स्थिर पंखासाठी केलेले गणित फडफडणाऱ्या पंखाला लावले, तिथे चूक झाली. उत्तर डोळ्यांसमोरच्या वस्तुस्थितीशी जुळेना, तेव्हा शास्त्रज्ञांनी गृहीतके पुन्हा तपासली आणि त्यातूनच हे नवे ज्ञान हाती आले. तेव्हा यापुढे तो सुविचार फळ्यावर दिसला, तर पुसू नका. त्याच्या खाली एवढेच लिहा: "कोणते नियम? कोणत्या पंखासाठी?"