लेट्यूसचे पान आणि मावळातला पाऊस

लोणावळ्यात आषाढ-श्रावणात येणाऱ्या रुग्णांची तक्रार बहुधा एकच असते : भूक नाही, पोट जड, तोंडाला चव नाही. दिवसेंदिवस सूर्यदर्शन न होणाऱ्या या घाटमाथ्यावर वर्षा ऋतूतील अग्निमांद्य ग्रंथात शोधावे लागत नाही. अशाच एका आषाढात, स्थौल्यासाठी उपचार घेणाऱ्या एका भगिनींनी सांगितले की, कन्येच्या आग्रहावरून त्या रात्री पोळीऐवजी लेट्यूसच्या कच्च्या पानांत कच्च्याच भाज्या गुंडाळून खातात. आध्मान व द्रवमलप्रवृत्ती होतीच. आम्ही तत्काळ निषेध केला. त्यांनी तो तंतोतंत पाळला. महिन्याने आल्या तेव्हा पोट बरे होते. परंतु रात्रीचा वडापाव पुन्हा सुरू झाला होता. अपथ्य सांगितले, पर्याय सांगितला नाही, हा दोष आमचा होता.

लेट्यूसचा उल्लेख आपल्या बृहत्त्रयीत नाही. युनानी वैद्यकात मात्र ‘काहू’ या नावाने ते परिचित असून त्याचे बीज निद्रेसाठी योजतात. या पानात सुमारे ९५ टक्के जलांश असतो आणि देठ कापताच तिक्त, दुधासारखा चीक येतो. यावरून ते शीत व तिक्तानुरस मानण्यास हरकत नसावी. ग्रीष्मात ते सुखावह. मावळच्या पावसात, मंदाग्नीच्या रुग्णाला, तेही कच्चे आणि रात्री, हे मात्र चिंत्य होय.

वास्तविक पानात वेष्टन करण्याची रीत आपल्याला नवी नाही. अळूवडी, पानगी, हळदीच्या पानातील पातोळी ही सर्व त्याच जातीची. भेद एवढाच की, आपल्याकडे पान अग्नीला भेटल्यावाचून ताटात येत नाही. पत्रशाक वाफवून, रस पिळून, स्नेहयुक्त करून सेवन करावे असे चरक व वाग्भट दोघेही सांगतात. हेच सूत्र धरून आम्ही त्या भगिनींना पुढील कृती दिली.

चार जणांसाठी दोन वाट्या मोड आलेले मूग मऊ होईपर्यंत वाफवावेत. गाजर व फरसबी बारीक चिरून निराळी वाफवावी. दोन चमचे तिळतेलात जिरे, हिंग, ठेचलेले आले व थोडी लसूण परतून त्यात हे सर्व घालावे आणि पाणी आटेपर्यंत हलवावे. बाजारी सोया सॉसऐवजी शेवटी आमसुलाचे आगळ चमचाभर घालावे. ते खारट असते. मीठ चव पाहूनच घालावे. मेघाच्छन्न दिवशी आम्ल, लवण व स्नेहयुक्त लघु आहार वाग्भटाने सांगितला आहे, त्याच्याशी हे जुळते. अनेक पाककृतींत गरम सारणावर मध ओततात. मध वर्ज्य नव्हे. उष्णाशी त्याचा योग वर्ज्य आहे, हे वैद्यांनी तरी रुग्णाच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचवावे.

आता पान. पावसाळ्यात आम्ही लेट्यूसऐवजी कोबीचे पान सुचवतो. प्रत्येक पान वाहत्या पाण्यात दोन्ही बाजूंनी धुऊन, जाड शीर सुरीने तासून, उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवावे. ते लवचीक होते आणि फाटत नाही. मग सारण भरून कडा आत दुमडाव्यात, गुंडाळी करावी व पाच मिनिटे पुन्हा वाफ द्यावी. लेट्यूसला एवढी वाफ सोसत नाही; त्याचा लगदा होतो. केवळ धुतल्याने कच्च्या पानावरील सर्व जंतू जात नाहीत, म्हणून गर्भिणी, वृद्ध व ग्रहणीचे रुग्ण यांना या दिवसांत कच्चे पान देऊच नये.

मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांना एक सूचना अवश्य द्यावी : रात्रीची पोळी आपल्या मनाने पूर्ण बंद केल्यास रक्तशर्करा अकस्मात उतरू शकते. त्यांनी वैद्याच्या सल्ल्याने एखादी लहान भाकरी सोबत ठेवावी.

त्या भगिनी पुढे दसऱ्यानंतर आल्या. कोबी घरच्यांना रुचला होता. कन्येने मात्र लेट्यूसचा हट्ट सोडला नव्हता. भूक चांगली असल्याची खात्री करून आम्ही पान कच्चे ठेवण्यास अनुमती दिली : दुपारच्या जेवणात, एक-दोनच, आणि आत सारण गरम.