लिनक्स डेस्कटॉप : वापरकर्त्यांच्या सुधारणा-सूचना

लिनक्स डेस्कटॉप, वापरकर्त्यांच्या सूचना : घरगुती व कार्यालयीन संगणकांवर चालणाऱ्या लिनक्स परिचालन प्रणालीत कोणते बदल व्हावेत, याविषयी ती वापरणाऱ्यांनी केलेल्या आणि ती घडविणाऱ्यांनी नोंदवून, छाननी करून स्वीकारलेल्या किंवा नाकारलेल्या मागण्या. विकत घेतलेल्या प्रणालीत ग्राहक व उत्पादक यांचे नाते पैशाच्या व्यवहाराने ठरते. लिनक्स बहुधा विनामूल्य मिळते, तिची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता व बदलता येते आणि ती घडविणाऱ्यांत पगारी अभियंत्यांबरोबर स्वेच्छेने काम करणारेही असतात. त्यामुळे येथील सूचना ही ग्राहकाची तक्रार नसते आणि मालकाचा हुकूमही नसतो. ती कोणी व कोणाच्या श्रमाने अंमलात आणावयाची, हा या विषयातील कळीचा प्रश्न होय.

सूचना मागविण्याची प्रथा लिनक्सच्या जन्माइतकीच जुनी आहे. हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थी लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपल्या नव्या प्रणालीची वार्ता मिनिक्स या प्रणालीच्या वापरकर्त्यांना कळविली, तेव्हाच लोकांना कोणत्या सोयी हव्या आहेत अशी विचारणा त्यांनी केली होती. सूचनांचे स्वागत आहे, परंतु त्या अंमलात आणण्याचे वचन देत नाही, असा खुलासाही त्यांनी सोबत जोडला होता. या खुलाशात पुढील अनेक वादांचे बीज आढळते. त्या काळी सूचना करणारा आणि आज्ञावली लिहू शकणारा हे बहुधा एकाच जातीचे लोक होते. ज्याला उणीव खुपे तोच ती भरून काढी. जर्मनीत १९९६ मध्ये केडीई आणि पुढल्याच वर्षी ग्नोम हे चित्रमय डेस्कटॉपचे प्रकल्प सुरू झाले आणि ही स्थिती पालटली. पत्रे लिहिणारा, हिशेब ठेवणारा, छायाचित्रे पाहणारा असा नवा वापरकर्ता आला. उणीव त्याला जाणवे, ती दूर करण्याचे साधन मात्र त्याच्यापाशी नसे.

सूचनेचा मार्ग : लिनक्स डेस्कटॉप ही एका कारखान्यात तयार होणारी वस्तू नव्हे. गाभा एका ठिकाणी, विंडो व मेनू यांची मांडणी दुसऱ्या ठिकाणी, मुद्रणाची व्यवस्था तिसऱ्या ठिकाणी घडते. डेबियन, फेडोरा, उबुंटू यांसारखी वितरणे हे सर्व भाग एकत्र बांधून वापरकर्त्याच्या हाती देतात. वापरकर्त्याला ओळख असते ती वितरणाची, म्हणून तो सूचना तेथेच नोंदवितो. पण तिचा विषय पुष्कळदा नदीच्या उगमाकडे, म्हणजे त्या त्या भागाच्या मूळ प्रकल्पात असतो. सूचना वरच्या अंगाला कोणी पोहोचविली नाही, तर ती वितरणाच्या दोष-नोंदवहीत वर्षानुवर्षे पडून राहते. नाकारल्या गेलेल्या सूचनांपेक्षा अशा अडकून पडलेल्या सूचनांनीच वापरकर्त्यांचा अधिक हिरमोड होतो, कारण नकाराला निदान कारण तरी दिलेले असते.

डेबियनच्या दोष-नोंदवहीत प्रत्येक नोंदीला गांभीर्याची पायरी दिली जाते. यांतील सर्वांत खालची पायरी ‘इच्छा-यादी’ ही असून नव्या सोयींच्या सर्व मागण्या तीत जातात. रचनेतील मोठ्या अडचणींमुळे दूर करणे फार अवघड असलेले दोषही तीतच टाकले जातात. नोंद उपयुक्त ठरण्यासाठी तीत आवृत्तीचा क्रमांक, संगणकाची माहिती, केलेल्या कृतींचा क्रम, काय अपेक्षित होते आणि प्रत्यक्षात काय घडले, एवढे असावे लागते. याहून महत्त्वाचे पथ्य म्हणजे अडचण आणि उपाय यांची गल्लत न करणे. ‘येथे एक बटण द्या’ या मागणीवरून वापरकर्त्याला काय करावयाचे होते हे कळत नाही. ‘जोडलेली पेनड्राइव्ह काढून घेण्याची कृती सापडत नाही’ या वाक्यावरून ते कळते आणि त्यावर बटणाखेरीज दुसराही उपाय सुचू शकतो.

उबुंटूचा अनुभव : या विषयाचा सर्वांत बोलका इतिहास उबुंटू या वितरणाचा आहे. दक्षिण आफ्रिकेतील उद्योजक मार्क शटलवर्थ यांच्या कॅनॉनिकल या कंपनीच्या आधाराने त्याची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये निघाली. त्याच्या नोंदवहीतील क्रमांक १ चा दोष स्वतः शटलवर्थ यांनी २० ऑगस्ट २००४ रोजी नोंदविला होता. नव्या वैयक्तिक संगणकांच्या बाजारपेठेत मायक्रोसॉफ्टचा वाटा बहुसंख्य आहे, हा तो दोष! तांत्रिक अर्थाने तो दोष नव्हताच. परंतु सर्वसामान्य माणसाला लिनक्स वापरता यावी, ही आकांक्षा त्यातून नोंदवहीच्या भाषेत मांडली गेली. मोबाइल व टॅब्लेट यांमुळे संगणनाचे चित्रच बदलले, असे कारण देऊन ३० मे २०१३ रोजी ही नोंद बंद करण्यात आली.

फेब्रुवारी २००८ मध्ये उबुंटूने ‘ब्रेनस्टॉर्म’ नावाची सूचना-संकलनाची जाहीर व्यवस्था सुरू केली. कोणीही कल्पना मांडावी आणि इतरांनी तिला अनुकूल किंवा प्रतिकूल मत द्यावे, असे तिचे स्वरूप होते. पुढे एका अडचणीखाली अनेक पर्यायी उपाय मांडून त्यांवर मते घेण्याची सुधारणा झाली, ती वर सांगितलेल्या पथ्याला धरूनच होती. मते भरपूर पडत. पण अधिक मते मिळालेल्या कल्पनेवर काम करण्यास कोणीही बांधलेला नव्हता. मत देणाऱ्याला काही खर्च येत नाही आणि काम करणाऱ्याला महिने लागतात, ही विषमता मतमोजणीने मिटत नाही. डिसेंबर २०१० मध्ये आघाडीच्या दहा कल्पनांना संबंधित विकासकांकडून जाहीर उत्तरे मिळविण्याचा उपक्रम झाला. तो स्तुत्य होता, तथापि मूळ तफावत राहिलीच आणि २०१३ मध्ये ही व्यवस्था गुंडाळण्यात आली.

याउलट २००९ मधील ‘शंभर पेपरकट्स’ हा उपक्रम छोटा असूनही फलदायी ठरला. कागदाच्या कडेने बोट कापावे तशा, जीवघेण्या नव्हेत पण सतत टोचणाऱ्या त्रुटी शोधून उबुंटूच्या ९.१० या आवृत्तीपर्यंत अशा शंभर दूर करावयाच्या, असा संकल्प होता. नवी प्रणाली बसविल्यावर सामान्य वापरकर्त्याला पहिल्याच दिवशी आढळेल आणि सहज दुरुस्त करता येईल, अशीच त्रुटी यादीत घ्यावयाची, ही अट होती. ही अटच उपक्रमाच्या यशाचे मर्म म्हणावी लागेल. सूचना करणाऱ्याची गरज व दुरुस्त करणाऱ्याची कुवत यांचा मेळ तिने आधीच घातला होता.

दाव्याचा खरा कस मात्र मोठ्या बदलांच्या वेळी लागला. एप्रिल २०१० च्या १०.०४ या आवृत्तीत विंडो बंद करण्याची व लहानमोठी करण्याची बटणे उजव्या कोपऱ्यातून डाव्या कोपऱ्यात नेण्यात आली. हाताला पडलेली सवय मोडल्यामुळे वापरकर्त्यांनी मोठा विरोध नोंदविला. अभिप्राय व माहिती यांचे स्वागत आहे, पण रचनेचे निर्णय मतदानाने होत नाहीत, अशा आशयाचे उत्तर शटलवर्थ यांनी दिले. उत्तर रोखठोक होते आणि ते पुष्कळांना झोंबले. परंतु वस्तुस्थिती त्यांनी लपविली नाही, हेही मान्य करावयास हवे. बटणे डावीकडेच राहिली. २०१७ मध्ये कॅनॉनिकलने आपला युनिटी हा डेस्कटॉप सोडून ग्नोमचा स्वीकार केला, तेव्हा १७.१० या आवृत्तीत ती पुन्हा उजवीकडे आली. म्हणजे विरोधकांची मागणी साडेसात वर्षांनी पुरी झाली, पण ती मागणीच्या बळावर नव्हे.

युनिटीमधील उभ्या पट्टीची कथा याच स्वरूपाची आहे. कार्यक्रम सुरू करण्याची ही पट्टी एप्रिल २०११ च्या आवृत्तीपासून पडद्याच्या डाव्या कडेला पक्की बसविलेली होती. ती खाली नेता यावी ही मागणी ‘करणार नाही’ असा शेरा मारून निकालात काढली गेली. एप्रिल २०१६ मध्ये ती सोय मिळाली आणि ती मिळण्यात उबुंटू कायलिन या चिनी वापरकर्त्यांसाठीच्या आवृत्तीच्या गटाचा वाटा होता. ज्यांना गरज होती त्यांनीच श्रम पुरविले, तेव्हा जुना नकार आड आला नाही.

खाजगीपणाचा प्रश्न यांहून गंभीर होता. ऑक्टोबर २०१२ च्या १२.१० या आवृत्तीत वापरकर्त्याने स्वतःच्या संगणकावर शोधण्यासाठी टंकलिखित केलेले शब्द बाहेर पाठवून त्यांनुसार ॲमेझॉनवरील विक्रीच्या वस्तू दाखविण्यात येऊ लागल्या. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी यावर कडक टीका केली. ही सोय बंद करण्याची कळ देण्यात आली, पण ती मुळातच बंद ठेवण्याचा निर्णय २०१६ च्या १६.०४ या आवृत्तीत झाला. बटणे कोठे असावीत हा सवयीचा भाग आहे. आपले शब्द कोठे जातात हा विश्वासाचा. दोन्ही सूचनांना एकाच मापाने मोजणे ही त्या काळातील चूक होती.

जून २०१९ मध्ये मात्र विरोधाचा परिणाम अवघ्या आठवड्याभरात दिसला. ३२-बिट संगणकांसाठीचे सॉफ्टवेअर-संच पुढील आवृत्तीपासून वगळण्याची घोषणा झाली होती. जुने खेळ आणि विंडोजसाठी लिहिलेले कार्यक्रम त्या संचांवर अवलंबून असल्यामुळे वापरकर्ते, वाइन हा प्रकल्प आणि स्टीम ही खेळांची सेवा चालविणारी व्हॉल्व्ह ही कंपनी यांनी आक्षेप घेतले. निवडक संच चालू ठेवण्याचे लगेच मान्य करण्यात आले. येथे केवळ संख्याबळ नव्हते; काय बंद पडेल हे प्रत्यक्ष उदाहरणांनी दाखविता येत होते, आणि ज्यांच्या जाण्याने वितरणाची हानी झाली असती असा एक पक्ष बोलत होता.

नकाराची कारणे : अधिकाधिक पर्याय द्यावेत, ही सर्वांत सामान्य सूचना असते आणि ती वरकरणी निरुपद्रवी वाटते. परंतु ‘हो’ किंवा ‘नाही’ असे १० स्वतंत्र पर्याय दिले, तर प्रणालीच्या १,०२४ वेगवेगळ्या अवस्था संभवतात. पर्याय २० झाले की ही संख्या दहा लाखांवर जाते. त्या सर्वांची चाचणी घेणे अशक्य असते. ग्नोमच्या विकासकांपैकी हॅवक पेनिंग्टन यांनी २००२ च्या सुमारास प्रत्येक पर्यायाला किंमत असते, हा विचार आग्रहाने मांडला. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने प्रत्यक्ष माणसांना ग्नोमवर कामे करावयास लावून केलेल्या पाहणीनेही आरेखनाला नवी दिशा मिळाली होती. ही दृष्टी योग्य असली, तरी तिचा अतिरेक झाला की अनुभवी वापरकर्त्याला आपले घर दुसऱ्याने लावल्यासारखे वाटू लागते.

एप्रिल २०११ मध्ये ग्नोम ३ ने डेस्कटॉपची मांडणी आमूलाग्र बदलली, तेव्हा हेच घडले. जुनी मांडणी टिकवा ही मागणी मूळ प्रकल्पाने मानली नाही. मग ग्नोम २ ची आज्ञावली घेऊन मॅटे हा स्वतंत्र प्रकल्प निघाला आणि लिनक्स मिंट या वितरणाने सिनॅमन हा डेस्कटॉप घडविला. असा फाटा फोडण्याचा हक्क मुक्त परवान्यानेच दिलेला असतो. तो वापरावयाचा तर पुढील देखभालीचा भार कायमचा उचलावा लागतो. म्हणून शेकडो नाराजांतून एखादाच फाटा जगतो.

अल्पसंख्य भाषिकांच्या गरजा : बहुमताने काम भागत नाही याचे मराठी वाचकाला जवळचे उदाहरण म्हणजे देवनागरी अक्षरांचे. ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ या शब्दांचे अर्थ भिन्न आहेत. दुसऱ्यातील आडवा रकार हिंदीला लागत नाही; मराठीचे मात्र त्यावाचून अडते. युनिकोडमध्ये तो नुक्त्याचा ‘ऱ’ व हलन्त यांनी लिहिता येतो. तसेच ‘ल’ व ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीतील वळणांहून वेगळी असूनही दोहोंना संकेतांक एकच आहे. कोणते वळण दाखवावयाचे हे फाँटने भाषा पाहून ठरवावे लागते. पुण्यात मूळ आरेखन झालेले आणि रेड हॅट कंपनीने २००४ मध्ये मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केलेले लोहित फाँट लिनक्सच्या अनेक वितरणांत समाविष्ट झाले, त्यामुळे निदान दुरुस्तीला खुला असा पाया मिळाला.

‘मराठी नीट दिसत नाही’ एवढीच नोंद केल्यास मात्र ती कोणाकडे पाठवावी हे छाननी करणाऱ्याला कळत नाही. दोष कळफलकाच्या मांडणीत असेल, तर चुकीचा संकेतांक उमटतो. फाँटमध्ये असेल, तर जोडाक्षराचा आकारच नसतो. अक्षरे जुळविणाऱ्या हार्फबझसारख्या आज्ञावलीत असेल, तर तोच मजकूर दुसऱ्या कार्यक्रमात बरोबर दिसू शकतो. अचूक शब्द, तो टंकलिखित करताना दाबलेल्या कळा, फाँटचे नाव व आवृत्ती आणि अपेक्षित आकाराचे चित्र एवढे दिले, म्हणजे मराठीचे एक अक्षरही न येणारा विकासक ती दुरुस्ती करू शकतो. अशी नोंद करण्यास आज्ञावली लिहिता येण्याची गरज नसते. भाषा नेमकी येणे पुरेसे असते.