अडकणारी रायफल

एकांत एक ठेवलेले दोन पेले कधीं कधीं असे घट्ट बसतात कीं, कितीही ओढले तरी सुटत नाहींत. त्यावरील उपाय प्रत्येक गृहिणीस ठाऊक असतो. बाहेरचा पेला ऊन पाण्यांत धरावयाचा आणि आंतल्या पेल्यांत गार पाणी ओतावयाचें. आंतला पेला किंचित् आकसतो आणि सहज हातांत येतो. आज ज्या यंत्राविषयीं बोलावयाचें आहे, त्यांत हें आकसणें डोळ्यांचें पातें लवण्याच्या आंत घडावें लागतें. आणि तें वेळेवर न घडल्यामुळें व्हिएतनामच्या युद्धांत अमेरिकेच्या कित्येक तरुणांवर प्राणसंकट ओढवलें. हें यंत्र म्हणजे एम-१६ नांवाची रायफल.

साध्या रायफलींत एक बार झाला कीं शिपाई हातानें बोल्ट मागें ओढतो, रिकामी पुंगळी बाहेर पडते व पुढील काडतूस आंत जातें. आपोआप भरणाऱ्या रायफलींत हें काम बाराच्या वायूकडूनच करवून घेतलेलें असतें. गोळी नळींतून पुढें जात असतां एका बारीक छिद्रांतून थोडा वायु निसटतो, पोलादी नलिकेंतून मागें येतो आणि बोल्टाला मागें लोटतो. बोल्टाचा आंकडा पुंगळीच्या कांठाला धरून तिला ओढून काढतो. स्प्रिंगच्या जोरानें परततांना तोच बोल्ट नवें काडतूस पुढें सारतो.

आतां पेल्यांची आठवण ठेवावी. बार होतांच दाबामुळें पितळी पुंगळी फुगते व आपल्या घराच्या भिंतींना चिकटून बसते. दाब उतरला कीं ती आकसून सुटी होते. आंकड्यानें ओढावयाचें तें यानंतर. थोडी घाई झाली तरी आंकडा कांठ फाडून रिकामाच मागें येतो आणि पुंगळी जागच्या जागीं राहते. मग नळीच्या तोंडांतून लांब गज घालून ती ठोकून काढावी लागते. शत्रु समोर असतां हें काम कसें होत असेल, याची कल्पना आपणच करावी.

यूजीन स्टोनर यांनीं ही रायफल आंखली, तेव्हां तिच्या सर्व हालचाली एका विशिष्ट दारूशीं जुळविलेल्या होत्या. गोळीला सेकंदास ३,२५० फूट वेग हवा आणि दाब मात्र ठराविक मर्यादेंत हवा, ही अट त्या दारूला मोठ्या प्रमाणावर पाळतां येईना. म्हणून १९६४ सालीं सैन्यानें गोल कणांची दुसरी दारू स्वीकारली. वेग तोच राहिल्यामुळें कागदावर कांहींच बिघडलें नव्हतें. परंतु छिद्रापाशीं पोंचणाऱ्या वायूचा दाब वाढला. बोल्ट लवकर आणि अधिक जोरानें मागें येऊं लागला. मिनिटास ८५० बार ही ठरलेली कमाल मर्यादा ओलांडली जाऊं लागली. शिवाय या दारूंत कॅल्शियम कार्बोनेट होतें. तें म्हणजे खडूच. आयुष्यभर ज्याची धूळ मीं अंगावर घेतली तोच. तो त्या बारीक नलिकेंत सांचूं लागला. त्यांत भर म्हणजे काडतुसाच्या घराला क्रोमियमचा मुलामा दिलेला नव्हता. पावसाळी हवेंत आंत गंज चढे, आणि फुगलेली पुंगळी त्या खडबडीत भिंतीला अधिकच घट्ट धरी.

एका गोष्टीचें मात्र मला, परीक्षक या नात्यानें, विशेष नवल वाटतें. कारखान्यांतून रायफल स्वीकारतांना जी चाचणी होई, तींत जुन्या दारूचीं काडतुसें वापरण्याची मुभा दिली गेली. रणांगणावर गेलीं तीं नव्या दारूचीं!

१९६७ च्या वसंत ऋतूंत खे सान्हजवळच्या टेकड्यांवर घनघोर लढाया झाल्या. त्यानंतर एका सैनिकानें घरीं पाठविलेलें तक्रारीचें पत्र मे महिन्यांत अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहांत वाचून दाखविण्यांत आलें. सैनिक रायफल साफ ठेवीत नाहींत, असा खुलासा सैन्याकडून होत असे. वर्ग नापास झाला कीं मुलें अभ्यासच करीत नाहींत, असें आम्ही मास्तर मंडळीही म्हणत असूं. खुलासा अगदींच खोटा नव्हता. साफसफाईनें रायफल पुष्कळ सुधारे. पण हिला फारशी निगा लागत नाहीं असेंच सैनिकांच्या मनावर ठसलें होतें, आणि सफाईचें साहित्यही सर्वांना पुरेसें मिळालेलें नव्हतें.

रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीनें ऑक्टोबर १९६७ मध्यें आपला अहवाल दिला. काडतुसांतील दोष दूर करण्यांत अधिकाऱ्यांनीं केलेली हयगय गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवर जाते, असा तिचा अभिप्राय पडला. नवी दारू मात्र कायम राहिली. तींतील खडूचें प्रमाण कमी करण्यांत आलें, बोल्टाची घाई आवरण्यासाठीं त्याच्या मागचा दणका सोसणारा भाग अधिक जड केला गेला आणि काडतुसाच्या घराला क्रोमियमचा मुलामा मिळाला. १९६८ सालीं विल आइस्नर या नामांकित चित्रकाराकडून रंगीत चित्रांची एक पुस्तिका करवून घेऊन ती सैनिकांना वाटण्यांत आली. रायफल कशी उघडावी, कोठें घासावें, तेल कोठें किती द्यावें, हें सारें तींत चित्रांच्या गोष्टीरूपानें सांगितलें होतें. असलीं पुस्तकें वर्गांत सांपडलीं कीं मीं तीं जप्त करीत असें.