दुआ आणि दारावरची थाप

आपण दुआ मागतो आणि आभाळाकडे पाहत राहतो. दारावरची थाप मात्र आपल्या कानी पडत नाही.

सूरह अल-कसस (२८) मध्ये हजरत मूसा (अलैहिस्सलाम) यांचा प्रसंग आहे. इजिप्तमधून जीव वाचवून ते मदयनला पोहोचले, तेव्हा ना घर होते, ना ओळख. विहिरीवर गर्दीमुळे दोन मुली आपली जनावरे आवरून उभ्या होत्या. मूसांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले, सावलीत गेले आणि आपली गरज अल्लाहसमोर मांडली. थोड्याच वेळात त्यांच्यापैकी एक लाजत आली आणि म्हणाली, वडिलांनी बोलावले आहे. त्याच घरात मूसांना आसरा मिळाला, आठ-दहा वर्षांचे काम मिळाले, संसारही उभा राहिला.

आम्हीही सज्द्यात मदत मागतो, पण रुसलेल्या भावाचा फोन आला की उचलत नाही. कोण जाणे, आपल्या दुआचा जबाब तोच घेऊन आला असेल! आणि शेजारणीच्या दुआचा जबाब अल्लाहने आपल्या हाती दिला असेल तर?

मूसांनी आधी पाणी पाजले, मग हात पसरले. आज जानमाज गुंडाळल्यावर एक फोन तरी करूया.